बियाण्याची काकडी

अच्युत शेंडे गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होता, आणि त्याच्याइतका घुमा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी तिथेच स्टोअरच्या खिडकीत बसायचो. तो यायचा, बोटाने नट दाखवायचा, घेऊन जायचा. बोलण्याचं सगळं खातं त्याच्या बायकोकडे होतं. मंदावहिनी दोघांच्या वाटचं बोलायच्या.

निवृत्त झाल्यावर त्याने करोंदच्या पुढे एकरभर जमीन घेतली तेव्हा मी त्याला वेड्यातच काढलं होतं. भोपाळच्या मे महिन्यात कसला भाजीपाला! पण नवराबायको पहाटेच बोअर सुरू करून ऊन चढायच्या आत पाणी देत, वेलांवर ओल्या गोणपाटाची सावली धरत. भेंडी, दोडके, पपया, लिंबं असं काहीबाही टी. टी. नगरात आमच्या घरी येत राही. त्यात मानाची होती ती वहिनींची काकडी. लग्नात त्यांच्या आईने धुळ्याहून पदराच्या गाठीत बांधून दिलेलं बी. दर उन्हाळ्यात, आधी घराच्या अंगणात आणि मग शेतावर, एक काकडी वेलावरच पिकू द्यायची, पिवळी झाली की बी काढून राखेत ठेवायचं, हा त्यांचा नेम. "आमची काकडी कधी कडू निघत नाही," हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आणि शंभरदा त्यांना त्यावरून चिडवलं.

गेला सगळा उन्हाळा वहिनी अंथरुणात होत्या. बी धरायचं राहून गेलं. दिवाळीनंतर त्या गेल्या.

डबीत जुन्या अकरा बिया उरल्या होत्या. फेब्रुवारीत अच्युतने सगळ्या लावल्या. तीन उगवल्या, त्यातली दोन रोपं करपली. उरलेल्या वेलावर त्याने एकच काकडी ठेवली आणि पुढची फुलं खुडून टाकली, सगळा जोर तिच्यात जावा म्हणून. फिटरचं डोकं ते! एकच नग, पण पक्का. वहिनींच्या विणकामातली लाल लोकर त्याने तिच्या देठाला बांधली.

"ही नीट पिकली म्हणजे मंदाचं बी राहील," तो मला म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे भाषणच.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला ऊन बाधलं. घरी तापाने फणफणून पडला होता, मी उशाशी बसलो होतो. शेतावर शमीम बी होती. वहिनी गेल्यानंतर कामाला लागलेली, जुन्या भोपाळची, कष्टाळू बाई. लोकरीचं कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? माझ्या घरी भाजी पाठवायला अच्युतने तिला फोन लावला.

"रमेश भैया के यहाँ टोकरी भेज दो. जो उतरा है, सब रख दो. और वो धागेवाली... बी रखना."

"जी, बाबूजी."

माझ्या मराठी कानांना त्यात काहीच खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी टोपली आली. माझ्या बायकोने, रत्नप्रभाने, दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली. मी दोनदा मागून घेतली. उन्हाळ्यात याच्यासारखं सुख नाही, असंही वर म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी अच्युत दारात उभा. ताप उतरला तसा शेतावर गेला होता, तिथून थेट आलेला. मागे शमीम बी, डोळ्यांना ओढणी लावून.

"भैया, बाबूजी ने जो बोला मैंने वोई किया. धागेवाली बी रखना. मैं समझी, धागा बाँध के आपके लिए बचा रखी है."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भोपाळी बोलीत 'भी'चं 'बी' होतं. म्हणजे तिने ऐकलं, धागेवालीसुद्धा टोपलीत ठेव. इथे बियाला बीज म्हणतात हे अच्युतला काय ठाऊक नव्हतं? पण तापात माणूस घरचाच शब्द बोलतो. आणि मी, चाळीस वर्षं हे 'बी, बी' ऐकणारा शहाणा, शेजारी मख्खासारखा बसून होतो!

रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या दारात थिजली होती. "काकडी जून वाटली म्हणून बिया काढून टाकल्या हो मी," ती कशीबशी म्हणाली. "कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली." मग ती देवघरातून लाल लोकर घेऊन आली. कुठल्याशा देवाचा धागा असेल म्हणून तिने ती जपून ठेवली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अच्युतने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने लोकर घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. शमीम बीला म्हणाला, "रोओ मत. पानी पियो." मग माझ्याकडे वळला.

"रमेश, कडू नव्हती ना रे?"

"नाही," मी म्हणालो. "अजिबात नव्हती."

"म्हणायचीच ती," अच्युत म्हणाला. वहिनींना पोचवून आल्यावरसुद्धा ज्याच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, तो माणूस आमच्या उंबऱ्यावर बसला आणि हमसून हमसून रडला.