पाहुण्यांना नाचणी कशी वाढायची

नूतन आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या धरणावरच्या एका वाडीत वाढली. घरची शेती म्हणजे डोंगरउतारावर नाचणी आणि वरई, खाली ओढ्याकाठी थोडा भात. शिकली आश्रमशाळेत. तिथं ट्रकमधून आलेल्या गव्हाच्या चपात्या मिळत, आणि घरी आईच्या कणगीतल्या नाचणीला घोडेगावच्या बाजारात कोणी विचारत नसे. हे असं उलटं का, म्हणून तिनं सातवीत गुरुजींना विचारलं. "वरून तसंच ठरतं," गुरुजी म्हणाले. ते 'वरून' तिच्या डोक्यात कायमचं बसलं.

कृषी पदविकेला ती माझ्या वर्गात होती. मी कळंबचा, बागायतीतला. आमच्याकडं नाचणी म्हणजे बाळंतिणीचं खाणं. नूतननं एकदा डब्यातली भाकरी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "खा रे, बाळंतीण न्हाई व्हणार तू."

२००३ साली आम्ही काही पोरापोरींनी मागणी लावून धरली, ती तिच्यामुळंच. आश्रमशाळेत आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी द्यावी आणि ती नाचणी सरकारनं याच वाड्यांकडून ठरलेल्या भावानं घ्यावी. आम्ही कार्डशीटवर लोह आणि कॅल्शियमचे तक्ते काढले, वाड्या-वाड्या फिरलो, घोडेगावात कचेरीसमोर बसलो. येणारेजाणारे चिडवायचे, "ताई, आळेफाट्यावर चायनीजच्या गाड्या लागल्यात, आन् तुमी कुठं नाचणी घेऊन बसलाय राव!"

नूतन हसून सोडून द्यायची. तिला घाई होती ती घरच्यासाठी. नाचणीला भाव नाही म्हणून तिची आई, धोंडाबाई, दर वर्षी नारायणगावला टोमॅटोच्या कामाला जायची. मजुरांच्या अड्ड्यावर उभं राहायचं, कोणी नेलं तर जायचं. वरची जमीन दर साली थोडी थोडी पडीक होत चालली होती. "आय, हे मंजूर झालं ना, तर तुला अड्ड्यावर उभं राहावं लागणार न्हाई," नूतन तिला सांगायची.

शेवटी जिल्ह्याची समिती वाडीवर यायला तयार झाली. लोक नाचणी पिकवतात, खातात, एवढं त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. मग एक वर्ष करून बघू म्हणाले.

त्या सकाळी नूतननं आईला बजावलं, "नाचणीची भाकरी आन् उडदाचं घुटं कर. दुसरं काय न्हाई." धोंडाबाई "व्हय" म्हणाली. आम्ही दोघं समितीला आणायला खाली सडकेवर गेलो.

वर आलो तर अंगणात पंगत मांडलेली. ताटांत पुऱ्या, मटकीची उसळ, पांढरा भात आणि घोडेगावहून आणवलेलं श्रीखंड. सगळ्या वाडीनं मिळून केलं होतं. साहेब घरी आले तर त्यांना काळी भाकरी कशी वाढायची?

समितीतले साहेब भले होते. त्यांनीच विषय काढला, "नाचणी रोज खाता ना तुम्ही?"

नूतनचे चुलते भागूनाना मान ताठ करून म्हणाले, "छ्या! ती आता कोण खातंय साहेब? भात-चपातीच. आमी काय तसलं राह्यलो न्हाई."

"नाना, काय बोलताय?" नूतन म्हणाली.

"तू गप गं. लई शिकली म्हून पाहुण्यांदेखत मोठ्यांना बोलायचं व्हय?"

नूतन उठली, घरात गेली आणि चुलीमागची दुरडी घेऊन आली. वरचं फडकं काढलं. आत सकाळच्या नाचणीच्या भाकऱ्या होत्या. साहेबांनी धोंडाबाईकडं पाहिलं. ती पदर सावरत पुढं झाली.

"म्हशीला ठिवल्यात, साहेब."

नूतननं आईकडं पाहिलं. एक शब्द बोलली असती तर आई परक्या माणसांपुढं खोटी पडली असती. तिनं दुरडीवर फडकं पुन्हा टाकलं.

निघताना साहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुमच्याच घरात जे म्हशीला घालतात, ते मी पोरांच्या ताटात वाढा म्हणून कसं सांगू?"

मागणी तिथंच संपली. आम्ही आणखी दोन अर्ज केले, मग एकेक जण नोकरीला लागला. नूतन कुठं गेली नाही. त्या पावसाळ्यात त्यांच्या वरच्या तुकड्यात नाचणी लावलीच नाही.

श्रावणात मी खतांच्या कंपनीच्या कामानं नारायणगावला गेलो, तेव्हा अड्ड्यावर त्या दोघी मायलेकी उभ्या दिसल्या. धोंडाबाईनं मला ओळखलं, घरच्यांची विचारपूस केली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, त्या साहेबाला जेवाण ग्वाड लागलं व्हतं ना? दोनदा भात घेतला त्यानं. मग का रं झालं न्हाई?"

मी नूतनकडं पाहिलं. इतक्या महिन्यांत तिनं आईला काही सांगितलं नव्हतं.

"ग्वाड लागलं व्हतं, आय," नूतन म्हणाली. "वरून न्हाई झालं."

तेवढ्यात एक टेम्पो थांबला. "चार बाया पायजेत!" आतून आवाज आला. नूतननं आईचा हात धरला आणि दोघी टेम्पोकडं पळाल्या.