दाराबाहेरच्या चपला

त्या मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता गिरीश जळगावच्या घरातून यावलला निघाला. तापीचा पूल ओलांडल्यावर एका वळणावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची त्याच्या मोटारसायकलीला धडक बसली. आठच्या सुमारास तो गेला. मला दहा वाजता कळलं. मी ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं रजिस्टरमध्ये लिहीत होते. गिरीशच्या विभागाच्या शिपायाने दारातूनच सांगितलं. मी हातातल्या पुस्तकाचा क्रमांक लिहून पूर्ण केला, पुढच्या दोन पुस्तकांचेही लिहिले, आणि मग पेन खाली ठेवलं. असं का केलं ते मला सांगता येत नाही. सहा आठवडे झाले, पण त्या तीन क्रमांकांच्या पुढे माझं मन अजून नीट सरकलेलं नाही...

आमचं कॉलेज फिजिओथेरपीचं. गिरीश तिथे शिकवायचा, आणि माणूस कसा चालतो, वाकतो, ओझं उचलतो, याचा अभ्यास करायचा. तो मूळचा पारोळ्याचा. शाळेत असताना खो-खो खेळायचा, चांगला खेळायचा. एकदा खांबाजवळ पाय मुरगळून गुडघा गेला. वर्षभर कोणी तेल चोळलं, कोणी पट्टा बांधला, पण गुडघ्याला पुन्हा पळायला कसं शिकवायचं हे सांगणारं त्याला कोणी भेटलं नाही. त्याच रागातून मी या विषयात आलो, असं तो हसत सांगायचा. आमची पहिली भेटही गुडघ्यावरूनच झाली. पुस्तक मागायला आला होता. मी कपाटापर्यंत जाऊन परत आले तेवढ्यात म्हणाला, "अक्का, डावा गुडघा किती दिवसांपासून दुखतोय?" मी ते घरातही कोणाला सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर चार महिने रोज दुपारी तो मला ग्रंथालयाच्या दोन पायऱ्यांवर चढ-उतार करायला लावायचा, आणि मी कंटाळले की म्हणायचा, "पुस्तकं कुठे पळून जाणार नाहीत, आधी गुडघा सांभाळा."

त्याच्या प्रबंधाचा विषय होता केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांची चाल. यावलकडच्या बागांमध्ये कापलेला घड खांद्यावर घेऊन मजूर रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत दिवसभर खेपा घालतात. चाळिशीतच त्यांचे गुडघे आणि टाचा बोलायला लागतात. ओझं घेतल्यावर पाऊल कसं पडतं, भार कुठे जातो, हे मोजलं तर त्यांना काय व्यायाम द्यायचे, खेपांमध्ये विश्रांती किती द्यायची ते ठरवता येईल, असं त्याचं म्हणणं. विभागातल्या एका लांबट खोलीत त्याने फरशीवर पट्ट्या आखल्या, कॅमेरा लावला. कॅमेऱ्यात सांधे ओळखू यावेत म्हणून लावायच्या खुणा वेळेवर आल्या नाहीत, म्हणून बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली. मजुरांचे मुकादम रघुनाथनाना पहिल्यांदा आले तेव्हा गुडघ्यावर आणि घोट्यावर टिकली बघून म्हणाले, "सर, घरी गेल्यावर बायकोला काय सांगू, कोणी लावली म्हणून?" खोलीत हशा पिकला. ओझं म्हणून खराच घड असायचा. मोजणी झाली की तो विभागात पिकायला ठेवायचे. त्या दोन वर्षांत आम्ही सगळ्यांनी इतकी केळी खाल्ली की शेवटी शिपायानेही हात जोडले.

चाळीस मजुरांची मोजणी झाली. प्रबंध लिहून झाला. भाषा तपासायला गिरीशने तो माझ्याकडे दिला, कारण माझं वाचन सावकाश असतं. विद्यापीठात द्यायला आठ दिवस उरले होते. त्यात एक वाक्य होतं: सर्व सहभागी मजूर नेहमीच्या पादत्राणांसह चालले. मी तिथे थांबले. त्या खोलीवरून मी रोज जात असे, आणि मोजणीच्या दिवशी दाराबाहेर चपलांची रांग असायची. कामाच्या चपला, चिखलाने रंग गेलेल्या, एखादीचा अंगठा तारेने बांधलेला. खोलीत दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, देवाच्या फोटोला हार असायचा, फरशी स्वच्छ असायची. मजूर चपला बाहेर काढून आत जात. खुद्द गिरीशही बूट बाहेरच काढायचा. त्यांच्या घोट्यांवर त्याने स्वतःच्या हाताने टिकल्या चिकटवल्या होत्या, उघडे पाय दोन वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि तरी त्याच्या मनात काही आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. आपल्याकडे आत आलेल्या माणसाचे पाय उघडेच असतात. पण बागेत, ठिबक सिंचनाच्या ओल्या मातीत, कोणीही अनवाणी घड वाहत नाही.

मी त्याला एवढंच विचारलं, "गिरीश, हे लोक चपला घालून चालले होते का?"

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मी धुळ्याकडची, त्यामुळे फार आनंद झाला किंवा फार लागलं की तो माझ्याशी अहिराणीत बोलायचा. "बठ्ठं वाया गयं, अक्का," तो म्हणाला. मी म्हटलं, सगळं वाया कसं जाईल, शब्द बदल, अनवाणी चालले असं लिही, ते खरंच आहे. त्याच्या मार्गदर्शकांनीही तेच सांगितलं. एक शब्द बदला आणि देऊन टाका. सैल चपलेत माणूस बोटं आवळून चालतो, पाऊल वेगळं पडतं, हे त्यालाही माहीत होतं आणि त्यांनाही. तरी कोणी हरकत घेतली नसती. गिरीशने दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाला. "हाई चाल मन्ही खोलीनी शे, त्यासनी नही." माझ्या खोलीतल्या, त्यांच्या नसलेल्या चालीवरून मी त्यांना व्यायाम सांगितले आणि त्यांचे गुडघे आणखी बिघडले तर काय करू, असं त्याने मला विचारलं.

त्याने प्रबंध विद्यापीठात दिलाच नाही. कॅमेरा दप्तरात घालून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तो यावलच्या बागांमध्ये जाऊ लागला. तेच मजूर कामाच्या कपड्यांत, कामाच्या चपलांत, खऱ्या चिखलात चालायचे आणि तो बांधावर बसून नोंदी घ्यायचा. एकदा म्हणाला, अक्का, दोन वर्षांत जे दिसलं नाही ते दोन सकाळींत दिसलं. चेहरा उन्हाने काळवंडला होता, पण इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. त्या मंगळवारीही बागेत माणसं तयार होती. रघुनाथनानांनी नंतर सांगितलं, त्यांनी साडेआठला गिरीशला फोन लावला, उशीर का झाला विचारायला. फोन पोलिसांनी उचलला.

मी बोलले नसते तर तो त्या सकाळी त्या रस्त्यावर नसता. हे वाक्य मी रोज मनात उलटसुलट करून बघते. ते कुठूनही वाचलं तरी तसंच राहतं.

दिवसकार्य झाल्यावर मी वैशालीला, गिरीशच्या बायकोला, भेटायला गेले. मार्गदर्शक आधी येऊन गेले होते. जुना प्रबंध तयारच आहे, तो एक शब्द बदलून दिला तर मरणोत्तर पदवीसाठी प्रयत्न करता येईल, असं त्यांनी सांगितलं होतं. शेवटचा हात फिरवायला माझं नाव सुचवलं होतं. वैशालीने मला पाणी दिलं आणि समोर बसली. मला वाटलं होतं ती मला दोष देईल. तिने एवढंच विचारलं, किती दिवस लागतील?

मी प्रबंध घरी आणला. त्या ओळीपर्यंत पोहोचले. शब्द बदलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. चार दिवस मी तिथे बसून उठत होते. पाचव्या दिवशी वैशालीकडे गेले आणि माझ्याने होत नाही असं सांगितलं. त्याने जे नको म्हटलं ते त्याच्या नावावर कसं करायचं, हेही म्हणाले.

ती खिडकीशी उभी होती. वळली नाही. "तो असता तर नाहीच म्हणाला असता, ते मला माहीत आहे, अक्का. पण तो नाही ना आता."

मी फाइल टेबलावर ठेवली. तिने ती उचलली नाही, आणि परत घेऊन जा असंही म्हटलं नाही. मी निघाले तेव्हा तिने नेहमीसारखं सावकाश जा म्हटलं.

प्रबंध विद्यापीठात गेलेला नाही. चाळीसपैकी सतरा जणांच्या बागेतल्या नोंदी पूर्ण आहेत. तेवीस जणांच्या राहिल्या आहेत.