काहिलीतली गाठ

आक्काताईला समुद्र बघायचाच नव्हता. बिद्रीपासून मालवणपर्यंत एसटीत ती तोंडाला पदर लावून बसली होती आणि दुसऱ्या हातात लेकीचं मनगट होतं. सोनम बारा वर्षांची. एवढ्या पोरीचं मनगट धरून कोण बसतं? पण आक्काताई धरायची. पोर न्हाणीत गेली की दाराशी उभी राहायची, ओढ्यापलीकडच्या शाळेत सोडायला जायची, आणायलाही जायची. लोक हसायचे. हसणाऱ्याचं काय जातंय!

२००५च्या महापुरात त्यांचं घर शिरोळकडं, कृष्णेच्या काठाला होतं. गावाला वेढा पडला तेव्हा नावा थोड्या आणि माणसं फार. मग आक्काताईच्या नवऱ्यानं, गणपतीनं, गुऱ्हाळातली काहील ओढून आणली. गूळ शिजवायची ती भली मोठी कढई, पुरात आमच्याकडं तीच होडी होते. आक्काताईनं आठ वर्षांच्या सोनमला पदरानं कमरेशी बांधलं. थोरला सूरज म्हणाला, "मला नगो बांधू. मी काय बारका हाय व्हय?" आणि तिनं ऐकलं. काहील बाभळीला थटली, गरकन फिरली आणि सूरज पाण्यात गेला. पूर ओसरल्यावर तो उसाच्या फडात सापडला.

बांधली ती वाचली, सुटा होता तो गेला. आक्काताईच्या मनात हे असं पक्कं बसलं. काठ सोडून ते बिद्रीला आले, गणपती कारखान्यात लागला, तरी तिचं मन काही तिथून हललं नाही. आता सोनम हुशार निघाली, कोल्हापूरच्या वसतिगृहात तिला जागा मिळाली, तर आईचा एकच धोशा: न्हाय म्हंजे न्हाय.

कारखान्यातल्या कुणीतरी गणपतीला सांगितलं, मालवणला नवख्या माणसांना बायकापोरांसकट होडीतून गळ टाकायला नेतात. तो बायकोला म्हणाला, "एक डाव पोरीला पाण्यावर बघ. नीट माघारी आली तर जूनमधी तिला सोडायची. कबूल?" ती कबूल म्हणाली. पण मनातून तिला वाटत होतं, काहीतरी बिनसावं आणि हा विषय कायमचा मिटावा. आई झाली तरी माणूसच की.

होडीशी गणपतीनं मोठ्या तोऱ्यात डबा उघडला. आत बिद्रीची गांडुळं, नदीच्या माशांचा खाऊ! होडीवाला हसला. "दादानू, खाऱ्या पाण्यात ह्येंका कोण इचारतलो?" त्यानं कोलंबीचे तुकडे दिले, तिघांना केशरी जॅकेटं घातली, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष आक्काताईच्या हाताकडं गेलं. ती पदराचं टोक लेकीच्या कमरेच्या ओढणीला बांधत होती.

"वयनी, ती गाठ सोडा. तुम्ही पडलात तर ह्या चेडवाक, पोरीक, पण पाण्यात घेवन जातलात."

तिनं गाठ सोडली. तो इंजिनाकडं वळला तशी जॅकेटाखालून परत मारली. सोनमनं आईकडं बघितलं फक्त. तिला सवय होती.

बंदर लांब राहिलं. इंजिन बंद झालं. बराच वेळ काहीच नाही, आणि मग सोनमच्या हातातली गळाची दोरी ताठ झाली. "पप्पा, वडतंय की!" ती उठून पुढं वाकली. गाठीनं आक्काताई फळीवरून ओढली गेली, लेकीच्या अंगावर कोसळली, होडी एका अंगाला कलली, पाणी आत आलं. होडीवाल्यानं झेप घालून सोनमचं जॅकेट धरलं म्हणून बरं. गाठ त्याला दिसली आणि तो ओरडायचं तेवढं ओरडला.

"मारतीस काय गं पोरीला?" गणपती म्हणाला.

"बांधली म्हणून तर हाय ही!" आक्काताई म्हणाली. "बांधला न्हवता त्येचं काय झालं?"

"तसं न्हाय आई." सोनम रडायला लागली. "तू दादाला धराय वाकलीवतीस. मला आठवतंय. तुझा हात त्येच्या सदऱ्यापतोर गेलता. माझ्या वज्ज्यानं तू मागं पडलीस. मी बांधलेली नसते, तर दादा घावला असता."

चार वर्षांत पोरीला कुणी विचारलंच नव्हतं, तुला त्यातलं काय आठवतं म्हणून. आक्काताई गाठ सोडायला लागली. भिजलेली गाठ बोटांना दाद देईना, तेव्हा तिनं दात लावले. "तुझं न्हाय गं वज्जं," ती म्हणत होती, "तुझं न्हाय." पोरीला ते पटलं की नाही, देव जाणे.

मासा आमिषासकट गेला होता. सोनमनं डोळे पुसले, नवा तुकडा लावला आणि ती बापाजवळ जाऊन बसली. आक्काताई मधल्या फळीला दोन्ही हातांनी धरून लेकीच्या पाठीकडं बघत राहिली.

धक्क्यावर उतरल्यावर ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "रोज तिला तीच गाठ मारत हुते मी."

परतीच्या एसटीत सोनम खिडकीला टेकून झोपली. घाटाच्या वळणावर आक्काताईचा हात सवयीनं तिच्या मनगटाकडं गेला. तिनं तो माघारी घेतला आणि बिद्री येईपर्यंत स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला.