हातात नकाशा, पायाखाली पाटोदा

पळायच्या चड्डीला खिसा न शिवणाऱ्यांचा मी जाहीर निषेध करतो. एवढी प्रगती झाली, पण डोंगरात पळणाऱ्यानं नकाशा ठेवायचा कुठे, याचा विचार कुणीही केलेला नाही. दातात धरला तर श्वास घेता येत नाही, कमरेला खोचला तर घामाचा अभिषेक. शेवटी दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातला आणि हातातच धरला.

हा खटाटोप मुक्तामुळे. माझी लेक, वय वीस. एप्रिलमध्ये हिमाचलातल्या डोंगरशर्यतीला तिला एकटीला जायचंय. तिथे फोन काढून घेतात. हाती फक्त नकाशा आणि होकायंत्र. मी हो-नाही करत होतो, तेव्हा तोडगा तिनंच काढला: पाटोद्याच्या डोंगरात एक दिवस माझ्यासोबत पळा, मग ठरवा.

बीडहून सकाळची एसटी धरा. बाई म्हणून तिला अर्धं तिकीट. मला फुकट प्रवासासाठी पंचाहत्तरीपर्यंत पळत राहावं लागेल. पाटोद्याच्या स्टँडजवळ गरम भजी मिळतात, पळण्याआधी खाऊ नका. मी खाल्ली. पाणी मात्र इथेच भरून घ्या, वर मिळत नाही.

पहिला तास नकाशा माझ्याकडे होता. संस्कृत शिकलेला माणूस शब्दप्रमाण मानतो: छापलंय म्हणजे आहे. पठारावरून खालच्या वस्तीकडे उतरणारी तुटक रेषा पकडून आम्ही निघालो आणि कमरेएवढ्या कुसळी गवतात जाऊन उभे राहिलो. शेळ्या राखणारे एक म्हातारबाबा मजेत बघत होते.

“कावून पळायलाव सायेब? मागं कोन लागलंय का?”

मी नकाशा पुढे केला. त्यांनी तो पाहिलाही नाही.

“वाट व्हती की. मानसं ऊस तोडाया गेली, आता चालतंय कोन? वाट बी गेली त्यांच्या संगं.”

खाली वस्तीतली सगळी दारं बंद दिसत होती. माझं प्रमाणशास्त्र तिथेच संपलं. मी म्हटलं, फिरूया माघारी. मुक्तानं नकाशा माझ्या हातून घेतला.

“बाबा, वाट सोडा, उंचीच्या रेषा बघा. डोंगर काही ऊस तोडायला जात नाही.”

जिथे रेषा विरळ, तिथे उतार सोपा. तिनं बोटानं डोंगराची एक उतरती सोंड दाखवली आणि निघाली.

“लई हुशार हाय पोरगी,” म्हातारबाबा म्हणाले. “तुमी तिच्या मागं पळा.”

पुढे दोन तास मी तेच केलं. सोंडेखाली ती बुटाची नाडी आवळायला थांबली, तेवढीच मला विश्रांती. वस्तीपलीकडचा पाझर तलाव तिनं सांगितला होता तिथेच निघाला. माझी छाती फुगली होती. थोडी दमानं, बरीचशी अभिमानानं. काठावर भाकरी-ठेचा खाताना मी हो म्हणून टाकलं.

संध्याकाळी घरी तिनं बूट काढले. घोटा वांग्यासारखा सुजलेला. त्या सोंडेवरच मुरगळला होता.

“तेव्हा का नाही बोललीस?”

“तुम्ही माघारी फिरवलं असतं.”

फिरवलंच असतं. पण दिलेला होकार मागे घेणार नाही, आणि हाताळून सुरकुतलेला तो नकाशा येणाऱ्याजाणाऱ्याला मीच दाखवत असतो. ती वाट चुकेल, ही भीती मला उरलेली नाही. तिकडे पाय मोडला तरी ती कुणाला सांगणार नाही, ही आहे.