निळ्या पट्ट्याचं मेंढरू

कळपासाठी नवं औषध आणलं की जतचा कोंडीबा ते आधी दोनच मेंढरांना पाजायचा. त्यांच्या पाठीवर निळ्या रंगाचा पट्टा ओढायचा. ती तगली, तरच बाकीच्यांना. बापाची ही रीत त्यानं साठी उलटली तरी मोडली नव्हती.

म्हणूनच छातीत कळ येऊन तो सांगलीच्या दवाखान्यात पडला आणि कडेगावच्या क्रांती सिस्टरनं त्याच्या मनगटात निळा पट्टा अडकवला, तेव्हा तो पट्ट्याकडं बघतच राहिला. झटक्यानंतर हृदय थकतं, फुप्फुसात पाणी साठतं. ते रोखणाऱ्या नव्या गोळीचा अभ्यास चाललाय, मन असेल तरच या, असं तिनं समजावलं होतं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती तशी दिसणारी. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. कोंडीबानं हो म्हटलं होतं. पण पट्टा पाहिला आणि मेंढरं आठवली.

घरी आल्यावर नवी कुठली, हृदयाची नेहमीची जुनी कुठली हे बघत न बसता तो सगळ्याच गोळ्या बांधापलीकडं थुंकू लागला. पाय सुजले. आडवं झालं की धाप लागायची. आधी पोटात गेलेल्या गोळ्यांचाच हा गुण, असं त्यानं मनाशी धरलं.

तपासणीला आला नाही म्हणून क्रांतीच दवाखान्याची गाडी घेऊन माळावर आली. सुजलेले पाय बघून तिनं विचारलं, "मामा, गोळ्या घेताय न्हवं?"

"तू आदी सांग, पट्टा कशाला बांदलास? मी बी बांदतो. पयलं कंचं मरतंय ते कळाया."

क्रांती हसली नाही. अभ्यास आज सोडा, कुणी रागावणार नाही, म्हणाली. पण हृदयाच्या नेहमीच्या गोळ्या सुटल्यानंच पाणी साठलंय, आत्ताच्या आत्ता सांगलीला चला. कोंडीबा हलेना.

तेव्हा चुलीपासली त्याची बायको हरणाबाई बोलली, "पट्ट्याचं मेंढरू तुमी कुटं बांदता? उशाशी. बाकीच्या कळपाकडं तरी इतकं बगता का? ही पोरगी एवढ्या लांब कुणाला बगाया आली?"

कोंडीबानं बायकोकडं पाहिलं, मग पोरीकडं, आणि काठी टेकत गाडीत जाऊन बसला.

दवाखान्यात त्यानं नवी गोळी नको म्हणून सांगितलं. जुन्या घेईन म्हणाला. त्याचं नाव अभ्यासातून काढलं आणि मनगटात साधा पांढरा पट्टा आला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो नको. निळाच बांद. निळ्यावर तुमचा डोळा ऱ्हातो."

"पांढऱ्यावर बी ऱ्हातो, मामा."

कोंडीबाला ते पटलं नाही. ती पुन्हा कधी फिरकते, हे बघत तो दाराकडं तोंड करून बसून राहिला.