माळाकोळीचा चढ आणि तीन रीडिंग

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी वर्षानुवर्षे वाचते, आणि वाचून झालं की प्रत्येकाखाली मनातल्या मनात कारण लिहून टाकते. वायरिंग. अपुरी झोप. शेजाऱ्याचं मांजर. तीस वर्षं सरकारी कचेरीत आस्थापना विभाग सांभाळलेल्या बाईला रिकामा रकाना बघवत नाही. आज स्वतःच लिहायला बसले आहे, कारण माझ्या वहीत एक रकाना दहा वर्षांपासून रिकामा आहे... आणि गेल्या मे महिन्यात तो पुन्हा एकदा रिकामा राहिला.

आधी गाडीबद्दल. छोटी लाल हॅचबॅक, पण आत मोठ्या गाडीचं इंजिन. कॉलेजची पोरं जिच्यासाठी वेडी व्हायची, तसली. मिस्टरांनी हौसेनं सेकंडहँड घेतली आणि लगेच त्यांची बदली किनवटच्या निवासी शाळेत झाली. गाडी नांदेडला माझ्याकडे राहिली. मी तिची वही घातली : तारीख, किलोमीटर, तापमानाचा काटा, एसी चालू की बंद, सोबत कोण, बिघाड, कारण.

आमची मुलगी पल्लवी अकरावीला लातूरला क्लासला होती. एका आड एक शनिवारी मी तिला होस्टेलवरून घरी आणायची आणि रविवारी दुपारी तीनला नांदेडहून परत सोडायला निघायची. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर, लातूर. तिला डॉक्टर व्हायचंच होतं. म्हणजे, मी ठरवलं होतं. माझं माहेर किल्लारीच्या पट्ट्यातलं. भूकंप झाला तेव्हा मी बारावीला होते. त्या वर्षी आमच्या घरातली दोन माणसं गेली आणि माझं मेडिकल गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये बसून जेवढा अभ्यास झाला, त्यावर कारकुनी मिळाली.

पल्लवी कुरकुरली की मी एवढंच म्हणायची, "मी पत्र्याखाली शिकले. तुला पंख्याखाली जड जातंय?"

जून संपता संपता गाडी तापायला लागली. काटा एरवी अर्ध्यावर असायचा. माळाकोळीच्या पुढे चढ लागला की तो चढायचा आणि वर पोचेपर्यंत लाल रेघेला टेकायचा. देगलूर नाक्यावरचे सलीमभाई आमचे मेकॅनिक. सावकाश, पण पक्कं काम. आधी रेडिएटरचं झाकण बदललं, त्याची स्प्रिंग ढिली होती. मग थर्मोस्टॅट. मग पंखा थेट बॅटरीला जोडला. मग रेडिएटर खोलून धुतला. वॉटर पंप काढला, त्याची पाती शाबूत. शेवटी हेड गॅस्केट फाटलंय का म्हणून रेडिएटर उघडा ठेवून इंजिन चालवलं : एक बुडबुडा नाही. ऑइल स्वच्छ, धूर नाही. आणि रविवारी पुन्हा तेच, वहीत पुन्हा लाल शाई.

तोपर्यंत मी एक उपाय शोधला होता. काटा चढला की केबिनचा हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनातली उष्णता हीटरमधून आत येते आणि काटा दोन रेघा उतरतो. खिडक्या उघड्या असल्या तरी गाडीची भट्टी होते. पल्लवी पुढच्या सीटवर मांडीवर प्रश्नसंच घेऊन बसलेली असायची. कागद घामानं बोटांना चिकटायचे.

"मम्मी, पायाला चटके बसून राहिलेत."

"पाय वर घे. कितवा प्रश्न?"

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी सलीमभाईंनी माझी वही मागितली. चष्मा लावून उभ्या उभ्या बराच वेळ पानं उलटत राहिले.

"मॅडम, तुम्ही हिसाब लई बारीक ठेवता. पण तुम्हीच वाचला न्हाई."

"काय वाचायचं राहिलं?"

त्यांनी ग्रीसचं बोट रकान्यावरून खाली नेलं. "लाल शाई जिथं जिथं हाय, तिथं सोबत पल्लवी. लातूरकडं जाताना. येताना पल्लवी हाय, तर काटा अर्ध्यावर. तुम्ही एकल्या गेलात, काटा अर्ध्यावर. साहेबांसोबत गेलात, अर्ध्यावर." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "लेकरू तिकडं निघालं की गाडी तापती. ह्याचा पाना माझ्याकडं न्हाई."

"सलीमभाई, तुम्ही गाडी बघा. माझी मुलगी मी बघते."

"तेच म्हणून राहिलो मी," ते म्हणाले आणि दुसऱ्या गाडीखाली गेले.

मला राग आला. पण निरीक्षण बरोबर होतं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. मग तपासायचं. पल्लवीचं वजन त्रेचाळीस किलो. पुढच्या शनिवारी, तिला आणायला जाताना, मी त्रेचाळीस किलो ज्वारी मोजून पोत्यात भरली, पुढच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला आणि तो चढ चढले. काटा अर्ध्यावर. म्हणजे वजनाचा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पल्लवीला घेऊन निघाले. मे महिना, दुपारचे चार. चढाच्या पायथ्याशी गाडी उभी केली.

"उतर. मी वर जाऊन थांबते. तू चालत ये."

"का?"

"तपासायचंय."

ती उतरली. मी त्याच गिअरमध्ये, त्याच वेगानं वर गेले. काटा अर्ध्यावर. एक किलोमीटरचा चढ. ती वर आली तेव्हा ओढणी डोक्यावर घेतलेली आणि ओठ पांढरे. तिला बसवून खाली आणलं. नांदेडकडे तोंड होतं, काटा अर्ध्यावरच. गाडी वळवून तिच्यासह चढले : लाल रेघ. पुन्हा खाली आणलं, पुन्हा उतरवलं. एका रीडिंगवरून निष्कर्ष काढायचा नसतो. तीन घ्यायच्या असतात.

दुसऱ्या खेपेला तिनं पाणी मागितलं. एकच बाटली होती आणि रेडिएटरला लागलं असतं. मी अर्धी दिली.

तिसऱ्या खेपेला ती वर पोचली आणि गाडीच्या दारापाशी नुसतीच उभी राहिली. म्हणाली, "मम्मी, मला नको ना तिथं. मी नांदेडलाच शिकते. काहीपण शिकते."

"बस आत. उशीर होतोय."

मी तिचा हात धरून तिला आत ओढलं. त्या उन्हात तीन वेळा चढ चढून आलेल्या पोरीचा हात रांजणाच्या बुडासारखा गार होता. तिकडे बॉनेटखाली पाणी उकळल्याचा आवाज येत होता. मी हीटर सोडला आणि लातूर गाठलं.

होस्टेलच्या फाटकाशी तिनं विचारलं, "वहीत काय लिहिलंस?"

"तिन्ही रीडिंग लिहिली. कारण समजलं नाही."

"मला विचारलं नाहीस."

"तुला काय विचारायचं? तू मेकॅनिक आहेस?"

ती आत गेली. त्यानंतर मी तिला एसटीनं पाठवू लागले. दुसऱ्याच खेपेला तिचा फोन आला : बस माळाकोळीच्या पुढे बंद पडली आहे, इंजिन तापलंय, सगळे खाली उतरलेत. मी ते वहीत प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं. उन्हाळ्यात जुन्या बसगाड्या तापतात. मग ती रेल्वेनं जाऊ लागली, आणि रेल्वेचं मला काही कळत नाही.

तिचा मेडिकलला नंबर लागला. मी आख्ख्या कचेरीत पेढे वाटले. पल्लवी दूर शिकली, दूरच नोकरीला लागली. महिन्यातून एकदा फोन. बीपी किती, गोळ्या घेतेस का, ठेवते. त्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. गाडी मात्र मी ठेवली. वेळेवर फेरनोंदणी केली. काटा कधीही अर्ध्याच्या वर गेला नाही. सगळे पार्ट नवे होते, जाणार कसा, असं मी म्हणायची.

गेल्या मे महिन्यात ती दोन दिवस आली. माझे गुडघे पार गेलेत, लातूरच्या एका डॉक्टरांकडे तिनंच वेळ घेतली होती. म्हणाली, "गाडी मी चालवते." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. लोह्यापर्यंत ती माझ्या औषधांबद्दल विचारत होती. माळाकोळी मागे पडलं. चढ लागला आणि काटा हलला.

दहा वर्षांनी. मी डोळे मोठे करून बघत राहिले. पाऊण. मग लाल रेघ.

"हीटर सोड," मी म्हणाले.

तिनं गाडी वळवली, पायथ्याशी नेऊन उभी केली, इंजिन चालूच ठेवलं.

"उतर, मम्मी."

"पल्लवी, माझे गुडघे—"

"माहितीय. एक्स-रे मीच बघितलेत. सावकाश ये."

ती वर निघून गेली. मी काठी टेकत चढले. किती वेळ लागला ते मोजलं नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. वर पोचले तेव्हा तिनं दार उघडून मला आत वाकून बघायला लावलं. काटा अर्ध्यावर होता.

"बस. खाली जाऊ. अजून दोन आहेत."

"थट्टा करतेस का आईची?"

"थट्टा कशाची? एका रीडिंगवरून निष्कर्ष काढायचा नसतो."

तिचा आवाज चढलेला नव्हता. पेशंटशी बोलतात तसा होता, अगदी नीट. तिनं मला खाली नेलं, गाडी वळवून माझ्यासह चढली : लाल रेघ, आणि पुन्हा पायथ्याशी आणलं. मी उतरले. मला गाडीतच बसून राहता आलं असतं, हे मला घरी आल्यावर सुचलं. दुसऱ्या खेपेला मी पाणी मागितलं. तिनं बाटली दिली. मी अर्धी प्यायल्यावर हात पुढे करून ती परत घेतली आणि झाकण लावलं.

तिसऱ्यांदा वर आले आणि गाडीच्या दाराला टेकून उभी राहिले. तिनं माझा हात धरून मला आत घेतलं आणि धरलेला हात क्षणभर तसाच ठेवला.

"केवढा गार पडलाय," ती म्हणाली.

मग तिनं डॅशबोर्डच्या कप्प्यातून माझी वही काढली. लाल पेनही तिथंच असतो. तीन ओळी लिहिल्या. 'सोबत'च्या रकान्यात तिन्ही वेळा 'मम्मी'. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली.

"काही विचारायचंय?"

समोर रस्ता तापून हलत होता. बॉनेटखाली पाणी उकळायला लागलं होतं. विचारायचं होतं. काय ते मला नेमकं ठाऊकही होतं.

"चल," मी म्हणाले, "डॉक्टरांची वेळ चुकेल."

तिनं वही मिटली, हीटर पूर्ण सोडला आणि गिअर टाकला.

सलीमभाई आता नाहीत. गाडी दोन वेगवेगळ्या गॅरेजमध्ये दाखवली, दोघांनीही काही दोष नाही असं सांगितलं. मी एकटी तो चढ नंतर तीन वेळा चढले. काटा अर्ध्यावर. कारणाचा रकाना तसाच आहे. वाचकांपैकी कुणाला इंजिनातलं कळत असेल तर जरूर कळवावं. पल्लवीला मी अजून विचारलेलं नाही.