दिवसा पसरलेली गादी

त्या पावसाळ्यात घरात आम्ही चौघी होतो. मी, माझी सून, दुसरीत जाणारी नात, आणि देवरुखहून आलेली माझी विहीण, म्हणजे सुनेची आई. मुलगा मुंबईला कामाला.

विहीण नातीला आपल्याकडे न्यायला आली होती. पोरगी सकाळी उठली की शिंकाच शिंका, मग नाक गळायचं, मग छातीत शीळ वाजायची. शाळा बुडायची. गावात दमेकरी म्हणायला लागले. मुलीला हा शब्द चिकटला की सुटत नाही. मी केळं बंद केलं, दही बंद केलं, तिन्हीसांजेला धुरी घातली. धुरीनं ती जास्तच धापायची.

शेवटी रत्नागिरीला मोठ्या डॉक्टरकडे नेली. त्यांनी तिच्या हातावर थेंब टाकून टोचलं. एका ठिकाणी गांधी उठली. म्हणाले, "हे गादीतले किडे."

मला लाजच वाटली. म्हटलं, "आमच्याकडे ढेकूण नाहीत हो."

"ढेकूण नव्हेत आजी. हे डोळ्याला दिसत नाहीत, चावत नाहीत. माझ्या गादीतपण असतात. अंगाची झडलेली कातडी खातात, ओल मिळाली की वाढतात. त्यांची घाण नाकात गेली की हिला त्रास होतो."

ओलीला काय तोटा? पावसात आमच्याकडे मिठाचं पाणी होतं.

घरी विहिणीला हे सांगितलं, तर ती सुनेकडे बघून म्हणाली, "मे महिन्यात आमच्याकडे होती, एक शिंक नाही. इथं आली की धाप."

"उन्हाळ्यात इथंपण धाप नव्हती," मी म्हटलं. "पाऊस सरेपर्यंत थांबा."

"पाऊस सरेपर्यंत पोरीनं काय श्वास धरून बसायचं?"

पोरगी देवरुखला शाळेत गेली असती तर सूनपण मागोमाग गेली असती. मग या घरात मी आणि भिंती. हे मी बोलले नाही, पण विहिणीला कळलं असावं. "दसऱ्याला येते, तेव्हा बघू," म्हणाली आणि गेली.

मग सुरू झालं काम. मुंबईच्या माणसांसाठी ठेवलेली गाद्यांची चळत पोरीच्या खोलीतून माळ्यावर गेली. सावरीच्या कापसाची जुनी उशी काढली. मुलानं चेनवाली खोळ पाठवली, गादी त्यात बंद. दर आठवड्याला चादर, अभ्रे हात भाजेल अशा पाण्यात. चुलीवर हंडा चढवायचा, उतरवायचा. गुडघे नको म्हणायचे. पडवीत वाळत घातलेलं दोन दिवस ओलंच. केर काढायचा तो पोरगी शाळेत गेल्यावर, ओल्या फडक्यानं पुसून.

सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. डॉक्टरांनी सांगितलेलं, उठल्याबरोबर गादी गुंडाळू नका, घाम आत कोंडतो, उघडी ठेवा. माझ्या सासूनं मला पहिलं शिकवलेलं ते उजाडायच्या आत अंथरूण आवरायला. दिवसा अंथरूण दिसलं तर घरात बाळंतीण, नाहीतर आजारी. शेजारीण खिडकीतून डोकावली.

"काय गो, कोण पडलंय?"

"कोण नाय. गादी पडल्ये."

हसत गेली. वाडीभर सांगितलंनच.

आणि एवढं करूनही गणपतीच्या आधी पोरगी एकदा धापलीच. डॉक्टरांनी दिलेला, तोंडातून ओढायचा औषधाचा पंप द्यावा लागला. मी सुनेला म्हटलं, पंपाची सवय लागेल. ती म्हणाली, "आई, श्वासाची सवय लागू दे आधी." डॉक्टरपण तिच्याच बाजूचे. म्हणाले, हे मुळापासून जात नाही, सांभाळायचं असतं. मला वाटलेलं, एकदा साफ केलं की सुटलो.

दसऱ्याला विहीण आली, राहिली. सकाळी उठून सवयीनं गादी उचलली आणि खोलीतच दणादणा झोडपायला लागली. पोरगी नाकाला परकर लावून पडवीत पळाली, तिथून ओरडली, "देवरुखच्या आजी, ठेव ती गादी! पसर परत! तुला काय कळतच नाय!"

विहीण हातात गादी घेऊन उभीच. मग हसली. गादी पसरली, पडवीत जाऊन पोरीच्या पाठीला कान लावून बसली. शीळ नव्हती. बराच वेळ बसली.

चहा पिताना सुनेला म्हणाली, "राहू दे इथंच. माझ्याच्यानं हे रोज व्हायचं नाही." माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही बारीक झालात हो."

मी म्हटलं, "झाले असेन."

अजून चाललंय तेच. हंडा चढतो, उतरतो. पोरगी शाळेत जाते. कधी शिंकते, कधी नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. घरात पोर सकाळी शिंकत, धापत असेल तर डॉक्टरला दाखवा, नावं ठेवू नका. आणि तो गरम पाण्याचा हंडा घरातल्या एकाच बाईला उचलायला लावू नका. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी हात लावा.